घोड्यावर बसलेला घट

त्या नवरात्रात सातव्या माळेला नदीचं पाणी वर येत होतं आणि देवावरचा माझा विश्वास तेवढ्याच वेगानं खाली जात होता. वादळ तिकडं समुद्रावर, त्याचा पाऊस मात्र चार दिवस आमच्या उरावर. धरणातून पाणी सोडणार, दुपारच्या आत नदीकाठची घरं सोडून शाळेत या, असं ग्रामपंचायतीचा भोंगा सकाळपासून सांगत होता. मी सेनापतीच्या थाटात तयारी केली. धान्याची पोती माळ्यावर, फ्रिज पलंगावर, गॅसची टाकी खिडकीला बांधलेली. फक्त आई जागची हलेना.

"घट बसल्यात. उठायच्या आधी हलवायचे न्हाईत. तू जा," ती म्हणाली.

मी हात जोडले, रागावलो, खोटं रडूनही पाहिलं. पाणी अंगणातल्या तुळशीला लागलं, तेव्हा खरं रडू आलं. देवा, तुला मडक्याचं पडलंय की माझ्या आईचं, असं मनात विचारलं.

तेवढ्यात दारात घोडं उभं राहिलं. मेंढरं घेऊन माळाचा रस्ता विचारायला आलेला एक अनोळखी, म्हातारा मेंढका होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वहाणा काढल्या आणि आत आला.

"आक्का, आपला देव एका जाग्याला कवा बसला? माझा तर रोज घोड्यावर असतो."

आई त्याच्याकडं बघतच राहिली. लग्नाआधी तीही मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली. पण साठ वर्षांत त्या दिवसांचं तिनं नाव काढलं नव्हतं. "आमची घोडी पांढरी व्हती," एवढंच बोलली आणि उठली.

पुढं लगाम धरून मेंढका, घोड्यावर आई, तिच्या मांडीवर घट, आणि मागं छत्रीखाली समई सांभाळत मी. शाळेच्या वळणावर अखंड दिवा विझला. मी गुपचूप लायटरनं पेटवला. शाळेत सगळ्यांनी त्याला भक्तिभावानं नमस्कार केला, मीही निर्लज्जपणे केला. वळून पाहिलं तर मेंढका माळाकडं निघून गेलेला. नाव विचारायचंही राहिलं. संध्याकाळी आमच्या देवघरात कमरेएवढं पाणी होतं.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारात एकदा हळूच म्हणाली, "दिवा तूच लावला व्हतास न्हवं?"

मी मान खाली घातली.

"बरं केलंस. त्याला बी कुणाचा तरी हात लागतो."

आता घट मी बसवतो. कधी यायचं, कोणाच्या रूपानं यायचं, हे देवावर सोडलंय. सातव्या माळेला मात्र दार उघडं ठेवतो, आणि पावसातून टापा ऐकू येतात का, म्हणून कान देऊन बसतो.