पहिलं बाळंतपण माहेरी

दार उघडलं तर समोर बडा गणपतीजवळ राहणाऱ्या काकू. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसऱ्यात पट्टा, आणि पट्ट्याला माझ्याच लॅब्राडोर कुत्रीची लेक. पोट हे एवढं!

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना हो," काकू कौतुकानं म्हणाल्या, "म्हणून घेऊन आले."

मी दारातच खिळले. अहो, ती वर्षाची पण नव्हती!

माझी कुत्री चांगली मोठी झाली, तिच्या खुब्यांचे एक्स-रे काढले, दोन नर नाकारले, तेव्हा कुठे तिला एकदा पिल्लं होऊ दिली. पिल्लांपायी रजा संपली, झोप संपली, घराचा पार उकिरडा झाला. आणि मग घरं बघून बघून एकेक पिल्लू दिलं. लोक हसायचे, "भिया, ये कुत्ता दे रही हैं कि कन्यादान कर रही हैं?" या काकू मला फार आवडल्या होत्या. निवृत्त मास्तरीण, दिवसभर घरात, प्रेमळ. ही त्यांना दिली, आणि त्याच वेतातला एक भाऊ शेजारच्या गल्लीत त्यांच्या नणंदेला.

"नर कुठला?" मी विचारलं.

"बाहेरचं कशाला बघायचं? नणंदबाईंचाच. घरचं स्थळ, बघितलेलं खानदान! तुम्हीच म्हणाला होतात ना, आई-बाप पारखून घ्यावेत म्हणून."

"काकू, तो तिचा सख्खा भाऊ आहे! राखी बांधलीत ना तुम्ही त्यांना? मला फोटो पाठवला होतात!"

"ते आपलं कौतुक हो. जनावरांत कुठलं आलंय भाऊ-बहीण?"

इतक्या सहज म्हणाल्या त्या. मग मात्र माझं तोंड सुटलं. जन्मभर पोरांना शिकवलंत काय, इथपर्यंत गेले मी. त्या बिचाऱ्या लाडवांचा डबा धरून नुसत्या उभ्या. भांडण तिथेच थांबलं, कारण कुत्री धापा टाकत फरशीवर आडवी झाली होती.

कळा येत होत्या, पण पिल्लू काही येईना. दुपार कलली तशी ती कण्हायची पण थांबली. उचलून गाडीत घातलं आणि तुकोगंजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि माझ्याकडे वळले, "मॅडम, देर मत करो. कंबर कोवळी आहे, पिल्लू अडकलंय. पोट उघडावं लागेल, पिशवी पण काढावी लागेल. पिल्लांची उम्मीद कमी आहे. हिला वाचवू शकतो, पण आत्ताच."

"पिशवी काढायची?" काकू रडवेल्या झाल्या. "मतलब पुन्हा कधीच नाही? डॉक्टर साब, थोडं थांबून बघू या ना. भाचीला पिल्लाचा शब्द दिलाय, वरच्या मजल्यावाल्यांना दिलाय..."

माझा कानांवर विश्वासच बसेना. "काकू, ती मरतेय! माहेरी आणलीत ना तिला? मग आता माहेरचं ऐका. डॉक्टर, घ्या तिला आत."

बाहेर आम्ही दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसलो. ही आता परत जायची नाही, माझ्याकडेच राहील, हे मी पक्कं करून टाकलं.

डॉक्टर आले. ती वाचली होती. पिल्लू एकही नाही. दोन पिल्लांची तर टाळूच जुळलेली नव्हती, म्हणाले.

"हे भावामुळे?" काकूंनी अगदी हळू विचारलं.

"हो सकता है, माताजी."

काकू भिंतीला टेकल्या. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि राग पण जाईना.

आत ती गुंगीतून बाहेर येत होती. मी तिच्या डोक्याशी बसून हाका मारत होते. ती बघत होती, पण ओळख नाही. काकूंची आत यायची हिंमत होईना. दारातूनच त्या म्हणाल्या, "बाळा."

शेपटी टेबलावर धपधप आपटायला लागली. टाके घातलेलं पोट घेऊन ती दाराकडे सरकायला लागली.

"पडेल ती! या ना इकडे!" मी खेकसले.

काकूंनी तिला कवेत घेतलं. तिनं त्यांच्या पदरात तोंड खुपसलं आणि डोळे मिटले.

संध्याकाळी मीच तिला उचलून काकूंच्या रिक्षात ठेवलं. टाके चाटू देऊ नका, एवढंच काय ते मला बोलता आलं.