उसवलेल्या फिती

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पोलिसात हवालदार. बाहीवर तीन फिती आणि रुबाब असा, की प्यायला पाणी मागितलं तरी वाटायचं, आता पंचनामा होणार. मी चिडवायची, "भावोजी, घरात तरी आम्हाला जामीन द्या!"

एकदा ते एका आजारी कैद्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावायचंय, बेडी काढा. भावोजींनी काढली. जरा वेळाने कैदी मागच्या दाराने पसार! चौकशीत डॉक्टरांना कुणी बोलावलंच नाही. सगळा ठपका भावोजींवर आला आणि हवालदाराचा शिपाई झाला. ताईने रडत रडत फिती उसवल्या. बाहीचं कापड उन्हाने विटलेलं, पण फितींखालची जागा तेवढी गडद राहिली होती.

अपील करायला मुदत होती. पण मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "वरती जाऊ नकोस. गप राहा, मी बघतो." झालं! ताई म्हणायची, "अहो, अर्ज तरी टाकून ठेवा." भावोजी म्हणायचे, "साहेब बघतायत." साहेबांची बदली झाली, बढती झाली, एक दिवस साहेब वारलेसुद्धा. नाक्यावरचे दुकानदार अजून हवालदार म्हणून हाक मारायचे, तेवढ्यावर भावोजींनी समाधान मानलं. माझं मात्र डोकं फिरायचं.

निवृत्तीच्या समारंभात नाव पुकारलं ते 'पोलीस शिपाई' म्हणून. समोर लेकीच्या सासरची माणसं बसलेली. घरी आल्यावर भावोजी ताईला म्हणाले, "मला हवालदार म्हणून घरी यायचं होतं गं." आणि मग त्यांनी वकील गाठला.

कोर्टात मी ताईजवळ बसले होते. न्यायाधीशबाईंनी कागद शांतपणे वाचले.

"शिक्षा जड वाटते खरी. पण इतकी वर्षं थांबलात कशाला?"

"साहेबांनी थांब म्हटलं होतं."

"तसं लेखी आहे?"

भावोजी गोंधळले. "साहेबांकडे लेखी कोण मागतं, मॅडम?"

बाईंनी चष्मा काढला. "वेळेत आला असतात तर त्या डॉक्टरांची साक्ष घेता आली असती. आता तेही हयात नाहीत." अर्ज फेटाळला गेला.

नुसते हरलो असतो तर एक वेळ सोसलं असतं. जिंकता आलं असतं, हे कळलं आणि जीव हळहळला.

घरी ताईने बटणांचा डबा उघडला. त्यात त्या फिती होत्या, धुऊन इस्त्री केलेल्या. कधी परत शिवायला लागतील म्हणून तिने जपल्या होत्या.

"या आता ठेवू की टाकू?"

भावोजींनी त्या हातात घेतल्या. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तू सांगत होतीस. तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं."

ताईने डब्याचं झाकण लावलं.

"माझं कसं ऐकाल? मी कुठं तुमची साहेब होते?"