आयुधपूजेची कॉपी

आमचे गुंडुराव भावजी कुणालाही "थांबा" म्हणू शकत नाहीत. कडकोळच्या अगरबत्ती कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात, मी माल रवाना करतो, आणि आम्ही दोघे एकाच बसने जातो, म्हणून हे मला ठाऊक. मी रजेवर असलो तर कंडक्टरला सांगायचं कोणी? एकदा ते गप्प बसून कडकोळ मागे टाकत थेट शेवटच्या थांब्याला, नंजनगूडला गेले. तिथे बस आपणहून थांबली, तेव्हा उतरले. आलोच आहोत तर म्हणून देवाचं दर्शन घेतलं आणि कामावर उशिरा पोचले. माझी अक्का पुष्पावती म्हणते, माझा नवरा शांत आहे. मी म्हणतो, भिडस्त आहे, आणि भिडस्त माणसाच्या हाती बॅकअप देऊ नये.

कारखान्यातले सगळे सुगंध खंडोजीरावांचे. चंदन, केवडा, मोगरा, कशात काय किती घालायचं ते त्यांनी नाकाने ठरवलेलं. कोरोनाच्या तापात त्यांची बायको गेली आणि त्याच तापात त्यांचं नाक गेलं. कापूर पुढे धरला तरी ते "हं?" म्हणत. मालकांनी त्यांना काढलं नाही. सगळी प्रमाणं कॉम्प्युटरमध्ये होती. खंडोजीराव दिवसभर पडद्यासमोर बसत आणि कच्चा माल बदलला की आठवणीवरून आकडे बदलत. ती फाईल गेली तर आपण निव्वळ खुर्ची अडवणारे म्हातारे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून रोज विचारत, "गुंडू, कॉपी झाली का रे?"

होत असे. रोज जेवणाच्या सुट्टीत भावजी ती फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवत. पण खंडोजीराव सुट्टीतही उठत नसत. "मी उठलो का सगळं विसरतंय बघ. तू तुझं काम कर, मी माझं करतो, परवागिल्ला, काही बिघडत नाही." भावजींचंही परवागिल्ला. हे इकडे आकडे बदलतायत, ते तिकडे फाईल उतरवतायत.

प्रोग्राम बसवायला बंगळूरहून आलेल्या मुलीने बजावलं होतं, "सर, आधी प्रोग्राम बंद करा, मग कॉपी घ्या. चालू असताना घ्यायची तर प्रोग्राममधलंच बॅकअपचं बटण वापरा. नुसती फाईल उचलू नका." ते बटण आमच्या स्वस्तातल्या प्रोग्राममध्ये नव्हतं. राहिलं बंद करणं, म्हणजे खंडोजीरावांना उठवणं. भावजींनी मान डोलावली आणि फाईल उचलत राहिले.

खरं तर त्यांना तरी कळायला हवं होतं. आम्ही रंगारी, त्यांचे आजोबा लाकडी ठशांनी लुगडी छापत. छापताना कापड सरकलं की फुलाची रेघ एकीकडे आणि रंग भलतीकडे. फाईलचंही तसंच. अर्धी उतरली आणि तेवढ्यात आकडे बदलले, की वरचा भाग जुना आणि खालचा नवा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण पडद्यावर "कॉपी पूर्ण" असं येई आणि भावजी समाधानाने डबा उघडत. एकही कॉपी त्यांनी कधी उघडून पाहिली नव्हती.

खंडोजीराव प्रोग्राम बंद करत ते फक्त आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी यंत्रं पुसायची, कुंकू लावायचं, झेंडू घालायचा आणि मग त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी खंडोजीरावांनी कीबोर्डला नमस्कार केला. फाटकाशी कोहळा फुटला, सगळे चुरमुरे घेऊन घरी निघाले. भावजी मागे राहिले, म्हणून मीही दाराशी थांबलो. कॉपी झाली का, असं सुट्टीनंतर खंडोजीरावांनी विचारलं तर काय सांगायचं? ही भीड देवाच्या धाकापेक्षा मोठी निघाली. झेंडू बाजूला सारून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, कॉपी घेतली, फूल परत जागेवर ठेवलं. मी हे अक्काला सांगितलं. दसऱ्याच्या दिवशी भावजी खाली मान घालून जेवले.

मार्गशीर्षात कॉम्प्युटरची मूळ डिस्कच बंद पडली. भावजींनी आदल्या दिवशीची कॉपी उघडली, तर चंदनाच्या नावाखाली केवड्याची प्रमाणं. त्याआधीची उघडेचना. त्याआधीचीही नाही. खंडोजीराव मागेच उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीची पाठ धरून म्हणाले, "म्हणजे नाकही गेलं आणि हेही गेलं." मला त्यांच्याकडे बघवेना.

भावजी एकेक कॉपी उघडत मागे मागे गेले. आयुधपूजेची उघडली. चंदनाखाली चंदन, केवड्याखाली केवडा, सगळं जिथल्या तिथे. अक्काचं म्हणणं, डिस्क गेली ती त्या पापामुळे. कॉपी वाचली ती कशामुळे, असं विचारलं की अक्का ताटात आणखी भात वाढते.

एक सुगंध मात्र त्यात नव्हता. तो खंडोजीरावांनी दसऱ्यानंतर जुळवायला घेतला होता, नाक नसताना, निव्वळ आठवणीवर. त्यांची बायको वेणीत सोनचाफा आणि दवणा माळायची, तो वास. कारखान्याने मागितलेला नव्हता. तो गेल्यावर ते दोन दिवस पडद्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा पडद्यासमोर बसले, डोळे मिटून आठवू लागले, एकेक आकडा घालू लागले.

जेवणाची घंटा झाली. मी डबा घेऊन भावजींना बोलवायला गेलो, तर ते खंडोजीरावांच्या दारात उभे. कानशिलं लाल झालेली.

"खंडोजीराव, स्वल्प थांबा."

खंडोजीराव एवढे चकित झाले की थांबलेच.

"हात काढा. प्रोग्राम बंद करा. बंद केल्याशिवाय कॉपी घेणार नाही मी."

"अय्यो, आणि उठलो की विसरलो तर?"

"उठू नका. नुसतं बसा. मी वाचून दाखवतो की."

खंडोजीरावांनी प्रोग्राम बंद केला आणि हात मांडीवर ठेवले. कॉपी झाली. भावजींनी डबा उघडला नाही, ती कॉपी उघडली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. सोनचाफा एवढा. चंदन एवढं. दवणा एवढा. खंडोजीरावांनी डोळे मिटून सावकाश श्वास आत घेतला.

"दवणा जास्त झालाय रे," ते म्हणाले.

"कमी करू?"

"नको. ती जास्तच माळायची."