चार आकड्यांचं कुलूप

आमचे काका कुलपं दुरुस्त करतात. त्यामुळे असेल, पण उघड्या दाराचा त्यांना नेहमीच संशय. त्यातून शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. एकदा हॉटेलातला वेटर "शेंगदाणा अजिबात नाही हो" म्हणाला आणि काका तीन दिवस दवाखान्यात पडले. नंतरची नऊ वर्षं त्यांनी बाहेर पाण्याचा घोटही घेतला नाही. प्रवास बंद. जावयाच्या घरचं तर नावच नको, तो खिशात फुटाणे-शेंगदाणे घेऊन फिरणारा माणूस.

पण लेकीला मुलगी झाली. नातीला बघायचंच, म्हणून काका सहा तासांच्या रेल्वेप्रवासाला निघाले आणि सोबत मला, पुतणीला, घेतलं. सामानात घरचं जेवण, घरचं पाणी आणि एक पत्र्याचा डबा. त्यात जीव वाचवणारं इंजेक्शन. डब्याला काकांनी स्वतः बनवलेलं चार आकड्यांचं कुलूप.

"आकडा मला तरी सांगा," मी म्हटलं.

"कशाला? तुझ्या पोटात काही राहतं का?"

मला वाईट वाटलं.

समोर एक बाई आल्या. बसण्याआधी त्यांनी आपल्यापुढचं टेबल दोनदा पुसलं. काकांनी मला कोपराने ढोसलं. "बघितलंस? काहीतरी सांडलंय हिने." मग बाई बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचत बसल्या. "मुदत संपलेला माल," काका पुटपुटले. बाईही आमच्याकडे प्रेमाने बघत नव्हत्या. त्यांच्या पिशवीकडे नाक करून वास घेणाऱ्या माणसाकडे कोण प्रेमाने बघेल?

काकांनी आपल्या बाजूचं टेबल, खिडकी, सीट, सगळं रुमालाने घासून काढलं. मग घरचा डबा निवांत संपवला आणि त्याच रुमालाने तोंड पुसलं.

दहा मिनिटांत ओठ सुजले. आवाज बसला, श्वास लागला. आमच्याआधी तिथे कुणीतरी शेंगा सोलल्या असणार. काकांनी डबा ओढला, पण सुजलेल्या बोटांनी आकडे फिरेनात. मी त्यांचं जन्मसाल लावलं, नातीची तारीख लावली, डबा आपटला. काकांचं कुलूप ते, हलतंय कशाला!

तेवढ्यात बाईंनी पिशवीच्या बाहेरच्या खिशातून तसंच इंजेक्शन काढलं आणि काकांच्या मांडीत टोचलं. "मलाही अ‍ॅलर्जी आहे," त्या माझ्यावर ओरडल्या. "औषधाला कुलूप लावलंय कुठल्या शहाण्याने?"

पुढच्या स्टेशनवर काकांना दवाखान्यात नेलं. बाईही सोबत उतरल्या. आवाज परतल्यावर काकांनी डबा उघडून आपलं इंजेक्शन त्यांना दिलं.

"आकडा काय होता?" मी विचारलं.

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "एक, दोन, तीन, चार. कुलूपवाल्याचा आकडा इतका सोपा असेल, असा संशय कुणाला येणार?"

मला हसू आलं नाही. रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या दारात जावई पुढे आला. काकांनी नवं इंजेक्शन ठेवलेला, बिनकुलपाचा डबा त्याच्या हातात दिला. "आधी हे कसं टोचायचं ते शीक," ते म्हणाले, "मग मला नात दाखव."