लोंढेबाईंचं टिंब

जेवण झालंय. भांडी तशीच मोरीत पडलीत. मी पलंगावर आडवी होते, भाषणाचा कागद छातीवर ठेवते आणि स्वतःलाच सांगते, पाचच मिनिटं.

दीड वाजलाय. चार वाजता बोरमाळच्या शाळेत लोंढेबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे. त्यांच्या नावानं वाचनाची खोली उघडायची आहे आणि प्रमुख पाहुणी मी. तालुक्याची शिक्षण विस्तार अधिकारी, त्याच शाळेत पाचवी ते सातवी बाईंच्या हाताखाली शिकलेली. भाषण दीड पान झालंय. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही. त्यात सगळं आहे. एक गोष्ट तेवढी नाही.

पंखा फिरतो. घरघर, घरघर. श्वासाबरोबर कागद वर जातो, खाली येतो. पापण्यांवर कुणी पीठ भुरभुरावं तसं होतं. पंख्याची घरघर जड होत जाते, दगडावर दगड फिरावा तशी, आणि कुणीतरी म्हणतं,

"रत्ने, पाय आखड. जात्याच्या वाटेत पसरलीस की."

मी पाय आखडते. शहाबादी फरशी गार आहे. सातवीचा वर्ग. मधोमध जातं मांडलंय आणि लोंढेबाई दळायला बसल्यात. काठापदराची सुती साडी, अंबाड्यात खोचलेला पेन्सिलीचा तुकडा. जात्यात घास घालतायत तो ज्वारीचा नाही, खडूच्या तुकड्यांचा. पाळीभोवती पांढरंशुभ्र पीठ साठतंय.

"बाई, तुम्ही तर..."

"गेले ना. मला माहितीये. म्हणून काय दळण थांबतं होय?"

आणि त्या गळा मोकळा करतात. तोच गळा. माझ्या अंगावर काटा येतो.

थिंकच्या गं घरी, ऑफ आला पाहुणा
घोटभर पाणी प्याला, थांब म्हटलं राहीना
थिंकच्या गं घरी, अबाउट आला मुक्कामी
उशाला मनाच्या, जागा घेतो हक्कानी

अशा ओव्या रचून बाई आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. आईबरोबर दळता दळता त्यांच्या गळ्यात बसलेली चाल होती, तीत त्यांनी इंग्रजी भरलं. थिंकच्या मागे कोणता शब्द जोडायचा, इथं सगळा वर्ग अडायचा. मराठीत आईचा विचार करा, आईविषयी करा, आईवर करा, आई काही रागवत नाही. इंग्रजी रागावते. मग बाई सांगायच्या, मनात नुसतं डोकावून गेलं तर ऑफ, ठाण मांडून बसलं तर अबाउट. कुणी चुकलं तर लाल शाई नाही, फुली नाही. अंबाड्यातली पेन्सिल काढायची आणि चुकलेल्या शब्दाखाली एक बारीक टिंब. चूक ज्याची त्यानं शोधायची. दुरुस्त झाली की टिंब खोडायचं. वहीत मागमूस राहायचा नाही, शेजारच्या पोरीलाही कळायचं नाही.

"म्हण की पुढची ओळ," बाई म्हणतात.

मी तोंड उघडते. आवाज फुटत नाही.

बाहेर जीप थांबते. बाहेर नाही, आतच. बाकांच्या दोन रांगांमध्ये सरकारी जीप उभी आहे, तिचं इंजिन तापलंय, आणि मी तिच्यातून उतरतेय. इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र. मागे गटशिक्षणाधिकारी साहेब. मला कळतं हा कुठला दिवस आहे. सहा वर्षांपूर्वीचा.

"बाई, हा दिवस नको."

"मी कुठं आणलाय? तुझ्याच जीपमधनं आलाय."

फळ्याशी बाई उभ्या आहेत, सत्तावन्न वर्षांच्या. साहेब बघतायत. त्या लिहितात, आय थिंक ऑन माय मदर. ज्यांनी आख्ख्या गावाला ऑफ आणि अबाउट गाऊन पाठ करून दिलं, त्यांच्या हातून घाबरून ऑन पडतं. मी शहरातून पाच दिवसांचं इंग्रजीचं प्रशिक्षण घेऊन नुकतीच परतलेली. साहेबांना दिसायला हवं होतं मला किती येतं. मी फळ्याखालचा खडू उचलला. लाल खडू. ऑनवर फुली मारली, ही एवढी मोठी, मागच्या बाकापर्यंत दिसेल अशी. आणि हसून म्हणाले,

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

वर्ग हसला. चाळीस पोरं. साहेबही हसले.

बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "चुकलं, मॅडम."

मॅडम. मला. जिच्या दोन वेण्या त्यांनी कितीदा वर्गात बसवून पुन्हा घालून दिल्या होत्या, त्या मला.

आता स्वप्नात पोरं मागे वळून बघतात. चाळीसच्या चाळीस रत्नमाला. अकरा वर्षांच्या, लाल रिबिनींच्या. एकीलाही हसू येत नाहीये. त्या माझ्या ओळखपत्राकडे बघतायत.

मी मान खाली घालते तर समोर चूल आहे. बाईंचं स्वयंपाकघर. फुंकणी, पितळी डबे, भिंतीवर शाळेचं वेळापत्रक. बाई भाकरी थापतायत. परातीतून उचलून तव्यावर टाकतात ती भाकरी नसते. शेरेवहीचं पान असतं. शाळेला भेट द्यायला येणारा साहेब जिच्यात अभिप्राय लिहून खाली सही ठोकतो, ती वही. पान फुगतं, त्याला पापुद्रा सुटतो, आणि अक्षरं खरपूस उठून दिसायला लागतात.

"वाच."

"नको ना, बाई."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही. तूच वाच. तुझंच आहे."

"शिक्षिकेचं इंग्रजी कच्चं. तातडीने सुधारणा आवश्यक." मी बोट खाली सरकवते. "खाली माझी सही."

"अक्षर बघ केवढं वळणदार," बाई कौतुकानं म्हणतात. "ते वळण मी लावलंय. डावीकडे झुकायचीस तू."

याहून त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"खा," त्या म्हणतात आणि पानाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवतात. चटका बसतो. मी हात झटकते तर हातात एसटीचं तिकीट आहे. बोरमाळचा फाटा. पत्र्याची शेड, सिमेंटचा बाक, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी. आणि बाजरीत इंग्रजी शब्द वाऱ्यावर हलतायत, कुठलं कणीस कुठल्या ताटाचं ते कळू नये असे. बाई मांडीवर पिशवी घेऊन गाडीची वाट बघतायत. मी शेजारी बसते. मध्ये वीतभर जागा सोडून.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही इंग्रजी सोडलंत. हेडसरांनी सांगितलं मला."

"सोडलं. म्हटलं नव्या बाईंना द्या. मला भूगोल द्या. नद्या-डोंगर चुकत नाहीत, जागच्या जागी असतात."

"आणि ओव्या?"

"गळ्यापर्यंत यायच्या. तोंड उघडलं की मागनं तुझा आवाज यायचा. कुणी शिकवलं, कुणी शिकवलं. मग गिळायचे."

बाजरी सळसळते. मी ओठ चावते.

"आजारी होते तेव्हा वाटलं होतं, येशील," बाई सहज म्हणतात, गाडी उशिरा आहे असं म्हणावं तसं.

"यायचं होतं हो."

"गेले त्या दिवशी काय केलंस?"

मला खोटं बोलता येत नाही. या बाकावर येतच नाही. "मोबाइलच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. हात जोडल्याचं चित्र टाकलं."

"किती हात?"

"तीन जोड्या."

बाई खळखळून हसतात. पदर तोंडाला लावून, दात नसल्यासारखं हसतात. "अगं, मी काय देवी आहे होय, सहा हात जोडायला!" मग हसू ओसरतं. "माझा विचार येतो तुला कधी?"

"रोज येतो, बाई."

"येतो आणि तू घोटभर पाणी देऊन वाटेला लावतेस. कधी बस म्हटलं नाहीस. बसले असते तर बोलावं लागलं असतं ना."

मला रडू येतं. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकते. पाय खडूच्या पिठानं पांढरे आहेत.

"तुम्ही शिकवलं," मी म्हणते. "तुम्ही, बाई. जेवढं म्हणून येतं तेवढं तुम्हीच शिकवलं."

"आत्ता सांगतेस होय? इथं?" बाई इकडेतिकडे बघतात. रिकामी शेड, रिकामा रस्ता. "विचारलंस चाळीस पोरांपुढं. आणि उत्तर माझ्या एकटीच्या कानात?"

दूर धूळ उठते. गाडी येतेय. बाई घाईघाईनं माझ्या छातीवरचा कागद ओढून घेतात. तो तिथं होता हे मी विसरलेच होते. ओठ हलवत वाचतात, पाचवीच्या वह्या वाचायच्या तसा. एका जागी थांबतात. अंबाड्याकडे हात जातो.

"बाई, कुठं चुकलं?"

"मी सांगितलंय कधी?"

"मग टिंब तरी खोडून जा."

"विसरलीस? आधी दुरुस्त. मग खोडायचं."

गाडी थांबते. दार उघडतं, घरघर, घरघर, आणि एकदम बंद.

वीज गेलीये. पंखा थांबलाय. मानेखाली उशी घामानं ओली. अडीच वाजून गेलेत. गल्लीत भंगारवाला ओरडत चाललाय, मोरीतल्या नळाचं पाणी थेंब थेंब ताटावर पडतंय. कागद पलंगाखाली पडलाय. मी वाकून उचलते, उजेडाला धरते.

"पुढे अधिकारी म्हणून बाईंच्या वर्गाला भेट देण्याचा योग आला. तो दिवस माझ्यासाठी अभिमानाचा होता."

"अभिमानाचा" या शब्दाखाली पेन्सिलीचं एक बारीक टिंब आहे.

मी भाषण पेननं लिहिलंय. पेन्सिल म्हणून घरात लेकीची होती. ती शिकायला पुण्याला गेली तशी सगळी कंपासपेटी गेली. तरी ड्रॉवर उपसते, पर्स उलटी करते, पलंगाखाली हात घालते. नाही. बोट फिरवून बघते. टिंब कागदात किंचित रुतलंय, दाबून दिल्यासारखं.

त्या दिवशी हसलेली पोरं आता अठरा-एकोणीस वर्षांची आहेत. हेडसर म्हणाले होते, झाडून सगळ्यांना निरोप दिलाय, बाईंची शेवटची बॅच. म्हणजे समोरच असतील.

मी पेन घेते. अभिमानाचा हा शब्द छेदते आणि वर लिहिते, शरमेचा. खाली जागा थोडीच उरलीये, तरी फळा, लाल खडू आणि माझा तो प्रश्न तेवढ्यात बसतो. उत्तराला एकच ओळ पुरते. अक्षर वेडंवाकडं आलंय, डावीकडे झुकलंय.

टिंब तसंच ठेवलंय. साडी बदलून निघते. शाळेसमोरच्या दुकानातून एक खोडरबर घ्यायचाय. पण तो बोलून झाल्यावर.