कणसरी रुसते तिथवर

माझे वडील थाळगान करायचे. काशाच्या थाळीत मेणाने एक वाळकी काडी उभी करायची आणि तिच्यावरून राख लावलेली बोटं वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमू लागते, त्या सुरावर कथा सांगायची. कुणी गेलं की दिवसकार्याला ही कथा हवीच. समोरच्याने 'हं' म्हणत बसायचं. हुंकार थांबला की कथाही थांबते. ती बाहेरच्यांना शिकवली तरी शेवट म्हणायचा हक्क मात्र घरच्यालाच द्यायचा, असा आमचा नेम.

नव्वदच्या दशकात मी सिन्नरला कारखान्यात लागलो. शनिवारची रात्रपाळी उरकून, दोन एसट्या बदलून हरसूलजवळच्या आमच्या पाड्यावर पोचेपर्यंत रविवारची दुपार व्हायची आणि अंगात काही उरायचं नाही. भाकरी खाऊन होते न होते तोच वडील थाळी पुढे ओढायचे. मला राग यायचा. आठवड्याची एक सुट्टी, तिथेही हजेरी!

भिंतीला टेकून मी हं हं करायचो. धान्याची देवी कणसरी रुसून घर सोडते, कणग्या रिकाम्या पडतात, इथवर कसाबसा तग धरायचो. मग डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा थाळी फडक्यात बांधलेली असायची.

"निजलास रं," वडील म्हणायचे. "ऱ्हाऊ दे. पुढल्या खेपंला."

पुढल्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून. कित्येक वर्षं कणसरी आमच्या ओटीवरून रुसून गेली ती काही परत आली नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, लोकांच्या कार्यात ऐकून ऐकून आलं मला सगळं." सुटका हवी होती, दुसरं काय! ते इतके हरखले की त्यांनी म्हणूनही दाखवायला लावलं नाही. मला लाज वाटली, पण त्या रविवारी मी पोटभर झोपलो.

वडील गेले. दिवसकार्याला त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण थाळी घेऊन बसला. कणसरी रुसली, कणग्या रिकाम्या झाल्या आणि त्याची बोटं थांबली.

"माझ्याकडं इथवरच हाय," तो मला म्हणाला. "पुढचं तू सांग, दादा. तुला समदं दिलं म्हणून बाबा गावभर सांगत होते."

त्याने थाळी माझ्यापुढे सरकवली. मी बोटं राखेत बुडवली. झोपेचा मागमूस नव्हता. समोर बसलेला सगळा पाडा एका आवाजात म्हणाला, "हं."