पपईले कोन हाय?

आमच्या शेजारचे काका म्हणजे वाऱ्याशी वैयक्तिक दुश्मनी धरलेला दारव्ह्यातला एकमेव माणूस. बाकी लोक उन्हाला शिव्या देतात, हे वाऱ्याला. उभा जन्म एसटी चालवली. आडव्या येणाऱ्याला बाजूला करायचं, ही सवय काही निवृत्त झाली नाही. अंगणातली वांगी, मिरच्या, सगळी काठ्यांना बांधलेली, तीही पंक्चरच्या दुकानातून मागून आणलेल्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. मी एकदा सुतळी देऊ केली तर मलाच झापलं. "दोरी कापते झाडाले. ट्यूब संगं हालते." पश्चिमेला तुराट्यांचा कूड, तोही मुद्दाम फटी ठेवलेला. "वाऱ्याले पुरा अडवला का तो वरून उडी मारते."

आणि एवढं ज्ञान असलेल्या माणसानं पपई लावली कुठं? खिडकीसमोर, जिथं कूड संपतो आणि वारा सरळ येऊन थडकतो. "मागं भिंतीआड लावा ना," असं अख्ख्या गल्लीनं सांगून पाहिलं. "इथंच पायजे," एवढंच उत्तर. पिकलेली फळंसुद्धा तोडू देत नसत, पाखरांना ठेवत. म्हातारा सरकला, असं मी खुशाल म्हणत असे.

माझ्या बहिणीच्या लग्नात तर कहर झाला. काकू आजारी, म्हणून काका एकटेच आले होते. मंगलाष्टकं चालू असताना वावधन सुटलं, मंडप फुगला, पाहुणे खांबांना लोंबकळले, आणि काका मुठीतल्या अक्षतांसकट घराकडे पळाले. नंतर मी जाब विचारला.

"मंडपाले तीनशे लोक हायेत. पपईले कोन हाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

यंदा वैशाखात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच दिवशी दुपारी तसलाच वारा उठला. डोळ्यावर हिरवी पट्टी, धुळीत जायची मनाई. दारातूनच माझ्या नावानं ओरडले, "अबे, जाय ना! धर तिले!" मी चरफडत गेलो. झाड फळांनी लगडलेलं, ट्यूबच्या पट्ट्या ताणलेल्या, मी खोडाला मिठी मारून उभा आणि तोंडात माती. मान वळवली तर खिडकीतून आतली खाट दिसली. तीवर काकू, चार वर्षांपासून अर्धांगानं पडून. त्यांच्या उशीवरून काय दिसत असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ही पपई, तिच्यावर येणारी पाखरं, बस. मला माझीच लाज वाटली.

काकूंनी चांगला हात उचलला. "बापू, सोड आता. वारा गेला."

पानं खरंच थांबली होती. तेवढ्यात दारातून काका ओरडले, "सोडू नोको बे, तो फिरून येते!"

मी धरूनच उभा राहिलो.